पोट मोकळं हवं: पालथ्या शस्त्रक्रियेत टेबल आणि फ्रेम शरीराचं काय करतात

प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय 61, वजन जरा जास्त. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यात स्क्रू-रॉड घालून फ्यूजन, म्हणजे मणके एकमेकांना कायमचे जोडायचं, ठरलं आहे आणि त्यासाठी चार-पाच तास पालथं झोपवणार आहेत. एका हॉस्पिटलात विल्सन फ्रेम वापरतात, दुसरीकडे जॅक्सन टेबल आहे. साधन बदललं तर शरीराला खरंच काही फरक पडतो का? आणि अशाच शस्त्रक्रियेनंतर काकांचा चेहरा सुजला होता, एका मांडीला बरेच दिवस बधिरपणा होता, तो कशामुळे?

फरक पडतो, आणि बराच पडतो. मी भूलतज्ज्ञ आहे. मणक्याच्या शस्त्रक्रियांना भूल देण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. सर्जन पाठीकडून पाहतात, आम्ही डोक्याशी उभे असतो. त्यामुळे पुढचं सगळं आमच्या जागेवरून जसं दिसतं तसं सांगते.

घरी आपण पालथे झोपतो तेव्हा झोपेतही अंग हलवत असतो. मान अवघडली की वळवतो, हाताला मुंग्या आल्या की काढून घेतो. भुलेत, त्यातही स्नायू सैल करण्याचं औषध दिल्यावर, यातलं काहीच होत नाही. सगळं वजन तळहाताएवढ्या काही मोजक्या जागांवर तासन्‌तास पडून राहतं. त्या जागा कोणत्या असाव्यात हे टेबल, फ्रेम आणि पॅड ठरवतात. एका जागेवरचा भार काढला तर तो नाहीसा होत नाही, दुसरीकडे जातो. म्हणून कोणतंही साधन पाहताना मी दोनच गोष्टी विचारते: यानं कुठला भार काढला, आणि तो आता कुठे आहे?

सगळ्यात आधी जिथला भार काढायचा ती जागा म्हणजे पोट. पोटाच्या मागच्या भिंतीला, मणक्याच्या अगदी पुढे, शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी इन्फिरिअर व्हेना केव्हा ही मोठी शीर असते. तिची भिंत पातळ असते आणि आतला दाब अगदी कमी असतो. माणूस टेबलावर पोट टेकून पडला की आतडी आणि पोटातले अवयव मागे ढकलले जातात आणि ही शीर सहज चेपते. मुख्य पाट अडवला की पाणी जसं बाजूच्या चाऱ्यांमधून वाट काढतं, तसं इथलं रक्त मणक्याच्या आत-बाहेर पसरलेल्या शिरांच्या जाळ्यात शिरतं. फिलाडेल्फियाचे शरीररचनाशास्त्रज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी 1940 मध्ये या जाळ्याचं महत्त्व दाखवून दिलं. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात का पसरतो, या कोड्याचं उत्तर ते शोधत होते. या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे रक्त कुठल्याही दिशेला जाऊ शकतं. आता सर्जनला काम करायचं असतं ते नेमकं याच जाळ्याच्या मधोमध. पोट दाबलेलं असेल तर या शिरा फुगून येतात, हाड काढलं की भळभळ वाहू लागतात, आणि दर दोन मिनिटांनी सक्शन आणि कापसाचे पॅटी घालत बसावं लागतं. सर्जनचा हात तोच, रुग्ण तोच, पण पोट टेकलेलं असेल तर ऑपरेशन लांबतं आणि रक्ताची बाटली चढवायची वेळ येते.

ही गोष्ट ध्यानात घेऊन टोरोंटोच्या मुलांच्या हॉस्पिटलातले भूलतज्ज्ञ रेल्टन आणि अस्थिशल्यचिकित्सक हॉल यांनी 1967 मध्ये एक फ्रेम प्रसिद्ध केली. पाठीला बाक आलेल्या मुलांच्या फ्यूजनमध्ये प्रचंड रक्तस्राव व्हायचा. त्यांनी मुलाला चार गाद्यांवर तोललं, दोन छातीच्या बाजूंना आणि दोन कंबरेच्या हाडांना, आणि पोट मधल्या पोकळीत लोंबतं ठेवलं. आजची बहुतेक साधनं या चार गाद्यांचीच लेकरं आहेत. पोट किती मोकळं आहे याला किती किंमत आहे ते 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फार स्वच्छ दिसतं. विल्सन फ्रेम तीच ठेवली, फक्त तिच्या दोन पॅडांमधलं अंतर बदललं. पॅड जवळ असताना पोटातला दाब सरासरी 8.8 मिलिमीटर (पाऱ्याच्या मापात) होता, लांब ठेवल्यावर 4. रक्तस्राव जवळपास निम्म्यावर आला. साधन एकच होतं आणि ते मांडण्याची पद्धत वेगळी होती. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर खरं तर या अभ्यासात आहे.

आपल्याकडे अनेक ठिकाणी यातलं कुठलंच साधन नसतं. चादरी घट्ट गुंडाळून केलेले दोन बोल्स्टर असतात, वर गॅमजी (कापसाची जाड पट्टी) किंवा फोम, आणि ऑपरेशन थिएटरमधलं (ओटीतलं) नेहमीचं टेबल. पाठीतून छिद्र पाडून मुतखडा काढणं (पीसीएनएल), टाचेच्या वरचा तुटलेला स्नायूचा दोर (अकिलीस टेंडन) जोडणं, माकडहाडाजवळचा सायनस (पू वाहणारी जखम), अशी कितीतरी कामं याच बोल्स्टरवर होतात. त्यांना कमी लेखू नये. गळ्याच्या हाडाखालून कंबरेच्या हाडापर्यंत दोन्ही बाजूंना उभे आणि पुरेसे जाड बोल्स्टर नीट लावले तर सडपातळ माणसाचं पोट छान मोकळं राहतं. अडचण होते ती वजनदार रुग्णात. चादर दबते, बोल्स्टर बाजूला सरकतात आणि तासाभरात पोट गादीला टेकतं. म्हणून रुग्णाला वळवल्यावर मी बाजूने हात घालून पोटाखाली पलीकडच्या कडेपर्यंत जातो का पाहते. सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना वापरायचं एक्स-रे यंत्र) आत-बाहेर झाला, टेबल तिरकं केलं, की पुन्हा पाहते. हात अडला तर सर्जनला थांबवून पुन्हा मांडणी करायला सांगण्यात मला कधी संकोच वाटलेला नाही, आणि चांगले सर्जन ते मनावर घेतातच.

आता हृदय. उताण्याचं पालथं केलं की हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारं रक्त कमी होतं. निरनिराळ्या मोजमापांत ही घट 15 ते 25 टक्क्यांच्या आसपास आढळते. नाडी फारशी बदलत नाही. प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्तच कमी होतं, कारण हृदयात परत येणारं कमी झालेलं असतं आणि छातीवरच्या दाबाने हृदयाला पुरतं भरायलाही जागा कमी पडते. रक्तदाब मात्र पुष्कळदा बरा दिसतो, कारण रक्तवाहिन्या आकसून तो सांभाळतात. मॉनिटरवरचा आकडा चांगला आहे एवढ्यावर समाधान मानणं इथे धोक्याचं आहे. लघवी किती होते आहे, धमनीतल्या दाबाची लाट श्वासागणिक किती वर-खाली होते आहे, हे पाहावं लागतं.

ही घट साधनागणिक वेगळी असते. 1996 मध्ये धडधाकट स्वयंसेवकांना जागेपणी वेगवेगळ्या प्रकारे पालथं ठेवून मोजलं होतं. छाती आणि ओटीपोटाच्या हाडांखाली उशा देऊन पोट मोकळं ठेवलं तेव्हा घट जेमतेम 3 टक्के होती. गुडघे पोटाकडे घेऊन ओणवं ठेवलं, ज्याला आम्ही नी-चेस्ट म्हणतो, तेव्हा ती सुमारे 20 टक्के झाली. कारण उघड आहे. या स्थितीत पाय हृदयाच्या बरेच खाली लटकतात आणि रक्त पायांत साचतं. शिवाय गुडघ्यावर आणि नडगीवर सगळं वजन येतं, गुडघा-जांघ तीव्र कोनात मुडपलेली असतात, त्यामुळे लांबलेल्या शस्त्रक्रियेत पायाचे स्नायू दुखावून मूत्रपिंडांवर ताण येण्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. नी-चेस्टचा फायदा एवढाच की पोट अगदी मोकळं लटकतं आणि मणक्यांच्या मधल्या फटी उघडतात. डिस्कच्या (मणक्यांमधल्या चकतीच्या) छोट्या ऑपरेशनला एकेकाळी ती फार आवडती होती. माझं मत विचाराल तर लांबच्या कामाला ती घेऊ नये.

2006 मध्ये अन्ननलिकेतून सोनोग्राफी करून वेगवेगळ्या फ्रेमवर हृदयाचं काम तपासलं गेलं. त्यात जॅक्सन टेबल आणि लांब उभे बोल्स्टर या दोन्हींचा हृदयावर परिणाम सगळ्यात कमी निघाला. ज्यांचं हृदय आधीच कमजोर आहे त्यांच्यासाठी हेच दोन बरे. एक महागडं टेबल आणि एक गुंडाळलेला बोल्स्टर शेजारी-शेजारी उभे राहिले याचं मला नवल वाटत नाही. दोन्हींत छाती बाजूंनी तोललेली असते, पोट मोकळं असतं आणि पाय हृदयाच्या पातळीत सरळ असतात.

फुप्फुसांची गोष्ट लोकांना उलटी वाटते. पालथं पाडल्यावर श्वास कोंडेल असं प्रत्येक नातेवाइकाला वाटतं. प्रत्यक्षात पोट मोकळं असेल तर भुलेत पालथं असणं फुप्फुसांना उताण्यापेक्षा मानवतं. पेलोसी आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये मोजलं तेव्हा उच्छ्वासाच्या शेवटी फुप्फुसात उरणारी हवा उताणं असताना सुमारे 1.9 लिटर होती, पालथं केल्यावर 2.9 लिटर झाली. पुढच्या वर्षी लठ्ठ रुग्णांत मोजलं तर ती दुपटीहून वाढली, रक्तातला प्राणवायूही सुधारला. याचं कारण असं की पाठीकडचा फुप्फुसाचा मोठा भाग हृदय आणि पोटाच्या दाबातून सुटतो. कोविडच्या लाटांमध्ये आपल्या वॉर्डांत रुग्णांना पोटावर झोपायला सांगत होते ते याच आधारावर. त्याआधी 2013 मध्ये फ्रान्स आणि स्पेनमधल्या एका मोठ्या चाचणीत, व्हेंटिलेटरवरच्या गंभीर रुग्णांना रोज बरेच तास पालथं ठेवल्यावर 28 दिवसांतले मृत्यू 32.8 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आले होते.

पण या सगळ्याला पोट मोकळं असण्याची अट आहे. पोट टेकलं की छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलला जातो, फुप्फुसं फुगवण्यासाठी जास्त दाब लागतो आणि तो दाब पुन्हा शिरांवर येतो. लठ्ठ रुग्णात छातीखालच्या बोल्स्टरवर हा दाब स्पष्ट वाढतो, जॅक्सन टेबलवर तो जवळजवळ बदलत नाही. तुमच्या आईंचं वजन जास्त आहे असं तुम्ही लिहिलंत, म्हणून हा मुद्दा त्यांना लागू आहे.

आता दोन्ही साधनं जवळून पाहू. विल्सन फ्रेम म्हणजे कमानीसारखे दोन लांब पॅड. नेहमीच्या ओटी टेबलावर ती ठेवतात आणि बाजूचं हँडल फिरवून कमान वर-खाली करतात. कमान वर केली की कंबर गोल होते, मणक्यांच्या मागच्या फटी उघडतात आणि डिस्कपर्यंत जायला सोपं जातं. कमानीच्या माथ्यावर कंबर असते, त्यामुळे डोकं मात्र हृदयाच्या खालच्या पातळीला जातं. हे वाक्य लक्षात ठेवा, डोळ्यांबद्दल बोलताना परत येईल. जॅक्सन टेबल अमेरिकेतले मणक्याचे सर्जन रॉजर जॅक्सन यांनी विकसित केलं. त्याला मधे फळीच नाही. दोन खांबांवर तोललेली कार्बन फायबरची चौकट, तिच्यावर छातीचं एक पॅड, कंबरेच्या हाडांचे दोन, मांड्यांचे दोन, आणि पायांना झोळी किंवा फळी. पोटाखाली हवेशिवाय काही नसतं. सी-आर्म सगळीकडून फिरतो. चौकट 180 अंशांत फिरवता येते, पण तिला खांबांशी जोडणाऱ्या पिना दोघांनी स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय कुणी कडी सोडू नये, कारण चुकीची पिन निघून रुग्ण खाली पडल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

फ्यूजनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, आणि तिच्याबद्दल रुग्णांना सहसा कुणी सांगत नाही. कंबरेला पुढच्या बाजूला एक नैसर्गिक बाक असतो. त्यावरच आपण ताठ उभे राहतो. जॅक्सन टेबलवर मांड्या सरळ मागे असतात, त्यामुळे हा बाक जवळजवळ जसाच्या तसा राहतो. विल्सनची कमान वर असताना किंवा नी-चेस्टमध्ये तो सपाट होतो. नुसती डिस्क काढायची असेल तर काही बिघडत नाही, ऑपरेशननंतर माणूस उभा राहिला की बाक परत येतो. पण सपाट स्थितीतच स्क्रू-रॉड आवळले तर तो बाक कायमचा गेला. मग रुग्ण किंचित पुढे वाकून चालतो, वरच्या-खालच्या मणक्यांवर ताण येतो आणि दुखणं दुसऱ्या वाटेने परत येतं. विल्सनवर फ्यूजन करणारे जाणकार सर्जन रॉड आवळण्याआधी कमान पूर्ण खाली करतात. तुम्ही हा प्रश्न त्यांना थेट विचारा. राग येण्यासारखं त्यात काही नाही.

काकांच्या चेहऱ्याची सूज. पालथ्या स्थितीत चेहरा तासन्‌तास खाली असतो, शिरांमधला दाब वाढलेला असतो, सलाइन गेलेलं असतं, त्यामुळे पापण्या, ओठ, गाल सुजतात. डोकं जितकं खाली, शस्त्रक्रिया जितकी लांब, तितकी सूज जास्त. श्वासाची ट्यूब बांधायची पट्टी मानेभोवती घट्ट गेली किंवा मान एका बाजूला फार वळलेली राहिली तर मानेच्या शिरा चेपून ती आणखी वाढते. बहुतेकांची एक-दोन दिवसांत, डोकं उंच ठेवून झोपल्यावर उतरते. दिसायला घाबरवणारी असली तरी ती सहसा निरुपद्रवी असते. मात्र जीभ आणि घसा सुजले असतील तर आम्ही ट्यूब लगेच काढत नाही, काही तास व्हेंटिलेटरवर ठेवतो. नसांची तपासणी करताना वीज देऊन स्नायू उडवले जातात, तेव्हा जबडाही आवळतो आणि जीभ दातांत सापडू शकते. म्हणून दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये मऊ गॉजचे रोल घालायचे आणि जीभ आत आहे ना ते पाहायचं. कडक प्लॅस्टिकचा एअरवे (जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात घालायची नळी) तासन्‌तास तोंडात ठेवला तर जीभ त्याखाली दबून सुजते, म्हणून मी तो ठेवत नाही.

डोळ्यांबद्दल जरा थांबून सांगते, कारण सगळ्यात दुर्मिळ आणि सगळ्यात भयंकर नुकसान तिथे होतं. ते दोन प्रकारे होतं आणि दोन्हींची कारणं निराळी आहेत. पहिला प्रकार सरळ दाबाचा. डोक्याखालच्या, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या टेकूची, म्हणजे हॉर्सशूची, कड डोळ्याच्या बुबुळावर आली तर आतली धमनी बंद होते आणि त्या एका डोळ्याची दृष्टी जाते. मेयो क्लिनिकच्या हॉलेनहॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1954 मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियांनंतरच्या अशा रुग्णांचं वर्णन केलं. हा प्रकार टाळता येतो. चेहऱ्याच्या आकाराचा फोमचा हेडरेस्ट, ज्यात डोळे, नाक, तोंड मोकळं राहतं आणि खाली आरसा असतो, तो वापरायचा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी आरशात दोन्ही डोळे पाहायचे. नोंदही करायची. मानेच्या वरच्या भागाच्या शस्त्रक्रियेत तीन पिनांचा मेफिल्ड क्लॅम्प डोक्याला लावला की चेहरा पूर्ण हवेत राहतो.

दुसऱ्या प्रकारात डोळ्याला काहीही लागलेलं नसतं. ऑप्टिक नर्व्हला, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला, रक्त कमी पडतं आणि जाग आल्यावर, बहुधा दोन्ही डोळ्यांनी, दिसत नाही. 2006 मध्ये अमेरिकेत अशा मणक्याच्या रुग्णांची एक नोंदवही प्रसिद्ध झाली. त्यात डोकं पिनांवर, चेहरा पूर्ण मोकळा असलेलेही रुग्ण होते. म्हणजे नुसता चेहरा मोकळा ठेवून हे टळत नाही. जवळजवळ सगळ्यांची भूल सहा तासांहून लांब होती किंवा रक्तस्राव लिटरभराहून जास्त होता. नंतर 2012 मध्ये 80 रुग्णांची तुलना असा त्रास न झालेल्या 315 जणांशी केली तेव्हा धोका वाढवणाऱ्या सहा गोष्टी समोर आल्या: पुरुष असणं, लठ्ठपणा, विल्सन फ्रेम, लांब भूल, जास्त रक्तस्राव, आणि दिलेल्या द्रवांत कोलॉइडचं (रक्तवाहिन्यांत जास्त वेळ टिकणाऱ्या द्रवाचं) प्रमाण कमी असणं. विल्सन फ्रेम या यादीत का आली, तर वर म्हटल्याप्रमाणे तिच्यावर डोकं हृदयाखाली जातं आणि डोळ्यामागचं रक्त परत जायला अडखळतं. भुलेत पालथं असताना डोळ्यातला दाब वेळागणिक चढत जातो. 2001 च्या एका मोजमापात तो उताणं असताना भुलेत 13, पालथं करताच 27, आणि पाचेक तासांनी 40 मिलिमीटरपर्यंत गेला होता. टेबलाचं डोकं थोडं वर उचललं तरी हा दाब कमी होतो, म्हणून डोकं हृदयाच्या पातळीला किंवा किंचित वर हा नियम मी मोडू देत नाही.

हे वाचून घाबरू नका. अमेरिकेतल्या मोठ्या आकडेवारीत दृष्टी जाण्याचं प्रमाण मणक्याच्या दर 10,000 फ्यूजनमागे साधारण 3 होतं, आणि लोक सावध झाल्यावर ऑप्टिक नर्व्हचा प्रकार आणखी उतरला. तुमच्या आईंचं ऑपरेशन एका पातळीचं (दोनच मणके जोडण्याचं), चार-पाच तासांचं आहे. पण काचबिंदू असेल तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगा.

काकांच्या मांडीचा बधिरपणा. कंबरेच्या हाडाचं पुढचं टोक हाताला लागतं ना, त्याच्या अगदी लगत एक बारीक नस मांडीच्या बाहेरच्या बाजूला जाते. तिच्यात फक्त संवेदना असतात, स्नायू हलवण्याशी तिचा संबंध नाही. पोटावरचा भार काढला तो कुठे गेला असा प्रश्न मी वर केला होता, त्याचं एक उत्तर हे आहे: याच हाडांवर गेला. जॅक्सन असो, विल्सन असो की रेल्टन-हॉल, ओटीपोट या टोकांवरच तोललं जातं. काही अभ्यासांत पाचातल्या एका रुग्णाला मांडीच्या बाहेरच्या भागात बधिरपणा, जळजळ किंवा मुंग्या आढळल्या. पाय कमजोर होत नाही आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आपोआप बरं होतं. ऑपरेशनच चुकलं असा समज करून घेऊन लोक उगाच वर्षभर सर्जनवर रुसलेले मी पाहिले आहेत. जोखीम कमी करायची तर पॅड रुंद आणि मऊ हवा, टोकावर टोचणारा नको, आणि वेळ कमी लागायला हवा. पॅड फार खाली, जांघेत गेला तर वेगळाच त्रास होतो. मांडीची मुख्य धमनी-शीर दबते आणि पाय थंड पडतो. वळवल्यावर पावलांची नाडी हाताने पाहणं किंवा पायाच्या अंगठ्याला प्राणवायू मोजणारा चिमटा लावणं, याला दोन मिनिटं लागतात.

हातांचं तत्त्व सोपं आहे. ते डोक्याच्या बाजूला पुढे ठेवले तर खांदा 90 अंशांपेक्षा कमी उघडलेला, कोपर वाकलेली आणि तिच्या आतल्या बाजूच्या नसेखाली पॅड, हात धडाच्या किंचित खालच्या पातळीला. खांदा आखडलेला असेल तर हात अंगाशी सरळ बांधलेलेच बरे. जागेपणी रुग्णाचा हात जिथवर बिनदुखता जातो, भुलेत त्यापुढे नेऊ नये.

त्वचेचं गणित जुनं आहे. केशवाहिन्यांतला दाब साधारण 32 मिलिमीटर धरतात, त्याहून जास्त दाब एका जागी तासन्‌तास राहिला की तिथलं रक्त थांबतं. कपाळ, हनुवटी, कंबरेची हाडं, गुडघे, पायाची बोटं, पुरुषांत जननेंद्रिय, स्त्रियांत स्तन, या जागा बोटाने चाचपून पाहाव्या लागतात. स्तन पॅडांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे वळवायचे आणि स्तनाग्रांवर दाब येऊ द्यायचा नाही. बाहेरच्या बाजूला ओढले गेले तर नंतर फार दुखतात. या गोष्टी ओटीतल्या सिस्टरने आणि मावशींनी संकोच न करता पाहिल्या पाहिजेत आणि त्या पाहतातही. लघवीच्या नळीवर कुणी झोपलेलं नाही ना हेही याच वेळी.

प्रत्यक्ष वळवणं म्हणजे त्या दिवसातली सगळ्यात नाजूक दोन मिनिटं. भूल आणि ट्यूब ट्रॉलीवर उताणं असताना देतो, सहसा न मुडपणारी फ्लेक्सोमेटॅलिक ट्यूब घालतो. मग डोकं आणि ट्यूब माझ्या हातात, धड सर्जन आणि वॉर्डबॉय मामांकडे, पायाशी एकजण, आणि माझ्या मोजणीवर सगळे एकत्र. वळल्याबरोबर दोन्ही फुप्फुसं पुन्हा ऐकायची, कारण ट्यूब इकडे-तिकडे सरकलेली असू शकते. ऑपरेशन संपेपर्यंत रिकामी ट्रॉली ओटीच्या दाराशी ठेवावी. अचानक हृदय थांबलं तर उताणं करायला ती लागते, आणि ती येईपर्यंत खांद्याच्या पात्यांच्या मधे, पात्यांच्या खालच्या कोपऱ्यांच्या रेषेत पाठीवरून दाब द्यायला सुरुवात करता येते. पालथ्या स्थितीतही त्याने रक्ताभिसरण चालतं.

आता तुमचा निर्णय. वजन जास्त, वय 61, काम फ्यूजनचं: बाकी सगळं सारखं असेल तर मी जॅक्सन टेबल निवडेन. पोट पूर्ण मोकळं, हृदयावर कमी ताण, डोकं खाली जात नाही, कंबरेचा बाक टिकतो. पण जॅक्सन नवीनच आलेलं असेल आणि तिथल्या लोकांचा हात बसलेला नसेल, तर विल्सनवर वर्षानुवर्षं काम केलेल्या, पॅड रुंद लावणाऱ्या, डोकं वर ठेवणाऱ्या आणि रॉडआधी कमान उतरवणाऱ्या टीमकडे मी माझ्या स्वतःच्या आईला बिनधास्त पाठवेन. 2000 सालच्या त्या अभ्यासात एकाच फ्रेमवर रक्तस्राव निम्मा झाला होता, हे विसरू नका.

भूलपूर्व तपासणीला जाताना आईंना सोबत न्या आणि पुढच्या गोष्टी त्यांच्या तोंडून सांगायला लावा: काचबिंदू किंवा डोळ्यांचं जुनं ऑपरेशन, खांदा किंवा गुडघा आखडलेला असणं, मान वळवताना चक्कर किंवा हाताला मुंग्या येणं, रात्री फार घोरणं, हलणारे दात किंवा कवळी, आधीपासून मांडीला किंवा पावलाला असलेला बधिरपणा. शेवटचा आजच कागदावर लिहून घ्यायला सांगा, म्हणजे ऑपरेशननंतर नवा कोणता आणि जुना कोणता हे कळेल. शक्य असेल तर घरीच त्यांना पंधरा मिनिटं छाती आणि कंबरेखाली उशा घेऊन पालथं पडून पाहू द्या. कुठे दुखतं, कुठला हात अवघडतो, हे त्या सांगतील आणि तीच माहिती आम्हाला पॅड लावताना सगळ्यात उपयोगी पडते. शुद्धीवर आल्यावर नजर धूसर वाटली, एका डोळ्याने कमी दिसलं किंवा हाताची बोटं हलली नाहीत तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता त्याच क्षणी सिस्टरला सांगा.